‘टेक अप’ म्हणजे नेमके काय घेणे?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही यंत्रमाग कारखान्यात गेले, तर ‘टेक-अप मोशन’ आणि ‘लेट-ऑफ मोशन’ ही दोन नावे कानावर पडल्याशिवाय राहत नाहीत. मागावर उभा राहणारा कामगार इंग्रजी शाळेत गेलेला नसला, तरी या दोन शब्दांचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही, कारण दिवसभर तो अर्थ त्याच्या डोळ्यांसमोर फिरत असतो. त्याच्याच घरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी मात्र ‘टेक अप’चे दहा-बारा अर्थ वहीत एकाखाली एक लिहून पाठ करते; जागा व्यापणे, छंद जोपासणे, पदभार स्वीकारणे, प्रश्न मांडणे, कपड्याची उंची कमी करणे, पाणी शोषणे अशी ती यादी असते, आणि परीक्षेत वाक्य समोर आले की यातला कोणता अर्थ लावावा हे तिला सुचत नाही. दोष तिच्या स्मरणशक्तीचा नाही. यादीत हे अर्थ एकमेकांशी काही नाते नसल्यासारखे मांडलेले असतात आणि नाते नसलेल्या गोष्टी लक्षात ठेवणे कोणालाही जड जाते. प्रत्यक्षात हे बहुतेक अर्थ एकाच कृतीतून फुटलेले आहेत आणि ती कृती एकदा नीट पाहिली की पाठांतराचे काम बरेच हलके होते.

प्रथम ‘फ्रेझल व्हर्ब’ हा प्रकार काय आहे, ते थोडक्यात पाहू. एक साधे क्रियापद आणि त्याला जोडून येणारा ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑन’ यांसारखा छोटा शब्द मिळून जेव्हा एकच क्रिया सांगतात, तेव्हा त्या जोडीला हे नाव दिले जाते. प्रकार जुना असला तरी नाव फार जुने नाही. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली ते छापील स्वरूपात रूढ केले आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते आपल्याला सुचवल्याचे त्याने नमूद केले. या जोड्यांची अडचण अशी की दोन्ही शब्दांचे अर्थ माहीत असूनही जोडीचा अर्थ हाती लागत नाही. ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते, पण ‘तिने पोहणे वर घेतले’ असा अर्थ लावून कोणाचे समाधान होणार नाही.

मराठी माणसाने याचा बाऊ करण्याचे कारण मात्र नाही, कारण आपणही हेच करतो, फक्त वेगळ्या साहित्याने. ‘घेणे’ या साध्या क्रियापदाला आपण किती ठिकाणी राबवतो ते पाहावे: समजून घेणे, मनावर घेणे, अंगावर घेणे, हाती घेणे, फैलावर घेणे, मिटवून घेणे. ‘साहेबांनी त्याला फैलावर घेतले’ हे वाक्य मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने शब्दशः लावायचे ठरवले, तर त्याची जी अवस्था होईल, तीच ‘टेक अप’पुढे आपली होते. आपण मुख्य क्रियेला दुसरे क्रियापद किंवा नाम जोडतो. इंग्रजी दिशा दाखवणारा शब्द जोडते. एवढाच फरक आहे.

आता दोन्ही घटक वेगवेगळे पाहू. ‘टेक’ हा शब्द मुळात इंग्रजीचा नव्हे. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमान’ असे क्रियापद होते. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘टाका’ या शब्दाने पुढे त्याची जागा घेतली. ‘अप’ हा शब्द मात्र दोन कामे करतो आणि सगळी मेख तिथेच आहे. त्याचे पहिले काम दिशा दाखवण्याचे, म्हणजे खालून वर. दुसरे काम क्रिया शेवटापर्यंत गेली, पुरी झाली, काही शिल्लक उरले नाही, हे दाखवण्याचे. ‘ईट अप’ म्हणजे ताट चाटूनपुसून खाणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. आपण ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’ यांत जो भेद करतो, जवळपास तोच भेद हा ‘अप’ करतो. ‘टेक अप’मध्ये ही दोन्ही कामे मिसळलेली आहेत, कधी वर उचलण्याचा भाग ठळक असतो, तर कधी पूर्णपणे ताब्यात घेण्याचा.

ही मिसळण कशी होते, हे पाहायला यंत्रमागासारखी दुसरी जागा नाही. मागाच्या मागच्या बाजूला बीम असतो आणि त्यावर उभ्या धाग्यांचा ताणा गुंडाळलेला असतो. पुढच्या बाजूला विणून झालेले कापड गुंडाळणारा रूळ असतो. धोटा आडवा धागा घेऊन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो, फणी पुढे येऊन तो धागा कापडाच्या कडेशी ठोकून बसवते आणि त्याच वेळी माग दोन गोष्टी करतो. मागचा बीम थोडासा ताणा सोडतो, ते ‘लेट-ऑफ’. पुढचा भाग तेवढेच विणलेले कापड ओढून घेतो, ते ‘टेक-अप’. ओढून घेण्याचे काम कापडाच्या रुळाकडे थेट दिलेले नसते, कारण कापड गुंडाळले जाईल तसा तो रूळ जाड होत जातो आणि दर फेरीला जास्त कापड ओढू लागेल. म्हणून खरखरीत पत्र्याने मढवलेला एक वेगळा रूळ कापडाला पकडतो आणि ठरलेल्या मापानेच पुढे सरकवतो. त्या रुळाला फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या साखळीच्या सुरुवातीला एक लहान पोलादी जीभ असते. ती चाकाला ठरावीक अंतर पुढे ढकलते आणि दुसरी जीभ ते चाक मागे फिरू देत नाही.

ही मागे न फिरू देणारी जीभ ध्यानात ठेवावी, कारण ‘टेक अप’च्या अर्थांत ती वारंवार दिसते. घेतलेले परत सैल होत नाही. ते घेणाऱ्याकडे राहते. या चाकांपैकी ‘चेंज व्हील’ बदलले की एका इंचात किती आडवे धागे, म्हणजे किती ‘पिक’ बसणार, हे बदलते. सात चाकांच्या प्रचलित रचनेत त्या चाकाचे दात वाढवले की पिक वाढतात आणि कापड अधिक घट्ट निघते. आडवा धागा तुटला आणि माग थांबण्यापूर्वी कापड पुढे सरकले, तर तिथे विरळ रेघ पडते आणि तो नग बाजूला काढावा लागतो. टेरी टॉवेलच्या मागावर तर ताण्याचे दोन बीम असतात आणि वळी पाडणाऱ्या धाग्यांचा बीम दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सैल सोडला जातो, पण तो ‘लेट-ऑफ’चा भाग झाला आणि आपला विषय समोरच्या रुळाचा आहे.

एक गैरसमज येथेच टाळलेला बरा. ‘टेक अप’ हा प्रयोग यंत्रमागाने जन्माला घातलेला नाही. एडमंड कार्टराइट यांनी यंत्रमागाचे पहिले पेटंट १७८५ साली घेतले आणि त्याच्या कित्येक शतके आधीपासून इंग्रजीत लोक वस्तू, शस्त्रे आणि भांडणे ‘टेक अप’ करीत होते. यंत्राच्या भागाला नाव देताना कारागिरांनी भाषेत असलेला शब्द उचलला, इतकेच. मात्र त्यांची निवड इतकी चपखल आहे, की मागावर तीन गोष्टी स्पष्ट दिसतात: काहीतरी बाहेर, सैल किंवा मोकळे असते, कोणीतरी ते स्वतःकडे ओढून घेतो, आणि त्यानंतर ते त्याच्याकडे राहते. यापुढे ‘टेक अप’ समोर आले की कोण ओढून घेतो आणि काय ओढून घेतो, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

सर्वांत जास्त आढळणारा अर्थ जागा किंवा वेळ व्यापण्याचा आहे. ‘द लूम टेक्स अप हाफ द रूम’ म्हणजे मागाने अर्धी खोली अडवली आहे. शहराच्या पूर्व भागात घर आणि कारखाना एकाच छपराखाली असलेल्या कुटुंबांना या वाक्याचे भाषांतर नको असते. येथे घेणारा माग आहे आणि घेतली गेलेली वस्तू जागा आहे. ती एकदा घेतली की दुसऱ्या कोणाला मिळत नाही. वेळेचेही तसेच आहे. ‘द मीटिंग टूक अप द होल मॉर्निंग’ या वाक्यात बैठकीने सकाळ खाल्ली, असे आपण म्हणू. हाच अर्थ कर्मणी प्रयोगात आला की माणसाच्या मनाला लागू होतो: ‘शी इज टेकन अप विथ द वेडिंग’ म्हणजे ती लग्नाच्या गडबडीत पुरती गुंतली आहे, तिच्याकडे दुसऱ्या कशाला जागा उरलेली नाही. येथे ‘विथ’ येते, हे लक्षात ठेवावे. एरवी हा अर्थ सोपा आहे, त्यावर जास्त रेंगाळण्याची गरज नाही.

दुसरा अर्थ एखादा छंद, खेळ, विद्या किंवा व्यवसाय सुरू करण्याचा. ‘माय फादर टूक अप योगा आफ्टर रिटायरमेंट’ म्हणजे वडिलांनी निवृत्तीनंतर योगासने करायला सुरुवात केली. मराठीत ‘हाती घेणे’ हा प्रयोग याच्या अगदी जवळ जातो. ‘स्टार्ट’ आणि ‘टेक अप’ यांतला भेद मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. जेवायला बसलेला माणूस ‘स्टार्ट’ करतो, ‘टेक अप’ करीत नाही. कारण ‘टेक अप’मध्ये ती गोष्ट आता त्याच्या आयुष्याचा भाग होणार आहे, काही काळ चालू राहणार आहे, असे गृहीत धरलेले असते. ती पोलादी जीभ येथे काम करते. म्हणूनच एकदाच होणाऱ्या गोष्टींसाठी हा प्रयोग चालत नाही: ‘आय टूक अप अ कप ऑफ टी’ हे वाक्य चहा सुरू केला या अर्थाने चूक आहे. व्याकरणाचा एक नियमही येथे कामी येतो. ‘टेक अप’पुढे नाम किंवा ‘इंग’ प्रत्यय लागलेले रूप येते, ‘टू’ लागलेले रूप येत नाही. ‘शी टूक अप स्विमिंग’ बरोबर. ‘शी टूक अप टू स्विम’ चूक. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत ही चूक सर्रास आढळते, कारण ‘स्टार्टेड टू स्विम’ची सवय तोंडात बसलेली असते.

पदभार स्वीकारण्याचा अर्थ याच वाटेवरचा आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथे १९४१ साली बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. हे इंग्रजीत सांगायचे तर ‘ही टूक अप द पोस्ट ऑफ डायरेक्टर इन १९४१’ हे वाक्य नेमके बसते. ‘गॉट द पोस्ट’ म्हटले असते, तर पद मिळाले एवढेच कळले असते. ‘टूक अप’मुळे त्यांनी जबाबदारी अंगावर घेऊन काम सुरू केले, हे कळते. निवड होणे वेगळे आणि रुजू होणे वेगळे, हा भेद सरकारी नोकरीची वाट पाहणाऱ्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. नेमणुकीचे पत्र आले तेव्हा पद ‘ऑफर’ झाले. खुर्चीवर बसून हजेरीपत्रकावर सही केली, तेव्हा ते ‘टेकन अप’ झाले. आपल्या कचेऱ्यांत याला ‘ड्युटी जॉइन केली’ म्हणतात आणि भारतीय इंग्रजीत ते खपून जाते. परदेशी कंपनीला अर्ज करताना मात्र ‘टेक अप द पोस्ट’ किंवा ‘टेक अप द पोझिशन’ लिहावे.

प्रश्न मांडण्याचा अर्थ मला या सगळ्यांत सर्वाधिक रोचक वाटतो, कारण येथे मराठी आणि इंग्रजी जवळजवळ एकाच प्रतिमेवर येऊन थांबतात. नगरसेवकाने पाण्याचा प्रश्न ‘उचलून धरला’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत ‘द कॉर्पोरेटर टूक अप द वॉटर इश्यू’ असे होईल. उचलणे आणि धरून ठेवणे, दोन्ही क्रिया दोन्ही भाषांत आहेत. प्रश्न गल्लीत पडून होता; कोणीतरी तो हातात घेतला आणि सोडला नाही. म्हणूनच येथे ‘ब्रिंग अप’ आणि ‘टेक अप’ यांची गल्लत करू नये. बैठकीत कोणी विषय नुसता काढला, तर त्याने तो ‘ब्रॉट अप’ केला. त्याचा पाठपुरावा करण्याची जबाबदारी घेतली, तर ‘टूक अप’ केला. निवडणुकीच्या आधी प्रश्न ‘ब्रिंग अप’ करणारे बरेच भेटतात आणि नंतर ‘टेक अप’ करणारे शोधावे लागतात, हे कोणत्याही शहरातल्या मतदाराला पटेल. तक्रार ज्याच्याकडे न्यायची, त्याच्या आधी ‘विथ’ लावतात: ‘यू शुड टेक इट अप विथ द मॅनेजर’, म्हणजे हे तुम्ही व्यवस्थापकांकडे मांडा. ग्राहक सेवेच्या फोनवर हे वाक्य ऐकू आले, तर समोरच्याने अंग काढून घेतले आहे, असे समजायला हरकत नाही.

प्रस्ताव स्वीकारणे, आव्हान स्वीकारणे हा अर्थ वरवर सोपा आहे: ‘टेक अप अॅन ऑफर’, ‘टेक अप अ चॅलेंज’. समोर ठेवलेली गोष्ट उचलून आपलीशी केली. पण याचेच एक लांबलेले रूप आहे आणि तिथे भलेभले अडतात. समजा, पुण्याच्या व्यापाऱ्याने सोलापूरच्या चादर उत्पादकाला सांगितले, की कधी पुण्याला आलात तर आमच्याकडेच उतरा. काही महिन्यांनी उत्पादक लिहितो: ‘आय वुड लाइक टू टेक यू अप ऑन युअर ऑफर’. याचा अर्थ ‘तुम्ही उतरायला बोलावले होते, ते आता मी स्वीकारतो’ असा होतो. येथे ‘टेक’पुढे प्रस्तावाऐवजी माणूस येतो आणि प्रस्ताव ‘ऑन’नंतर जातो. ‘टेक यू अप’ ऐकून आपल्याला कोणी उचलून नेणार आहे असे वाटण्याचे कारण नाही. दिलेल्या शब्दाला धरून तुम्हाला पकडले, असा त्याचा भाव आहे. मराठीत आपण ‘तुमच्या शब्दावर आलो’ म्हणतो, त्यात हाच ‘ऑन’ दडलेला आहे. बोलताना ‘आय मे टेक यू अप ऑन दॅट’ हे वाक्य नुसते सौजन्य म्हणूनही येते, आणि तेव्हा समोरचा खरोखर येणार आहे असे धरून स्वयंपाकाला लागू नये.

कपड्यांच्या दुकानात हा शब्द पुन्हा पूर्णपणे भौतिक होतो. नवी पेठेत घेतलेली पँट पायात लोंबत असेल, तर शिंपी खालची कड आत दुमडून, वर घेऊन पुन्हा शिवतो. ते ‘टेक अप’. मुलगा उंच झाला म्हणून तीच दुमड उसवून कापड खाली सोडले, तर ‘लेट डाउन’. रुंदी कमी केली तर ‘टेक इन’ आणि वाढवली तर ‘लेट आउट’. हुशार आई शाळेच्या गणवेशाला दोन बोटे दुमड का ठेवून घेते, हे या चार शब्दांत सगळे आले. येथे ‘अप’ शब्दशः वर आहे आणि ‘लेट’ची जोडी मागावरच्या ‘लेट-ऑफ’चीच सख्खी बहीण आहे: एक सोडतो, दुसरा घेतो.

शोषून घेण्याचा अर्थ शेतीच्या आणि विज्ञानाच्या लिखाणात भेटतो. ‘रूट्स टेक अप वॉटर अँड न्यूट्रिएंट्स’ म्हणजे मुळे पाणी आणि अन्नद्रव्ये शोषून घेतात. सोलापूर शहराला लागून केगाव येथे डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. डाळिंबाच्या पोषणाविषयी इंग्रजी मजकूर वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हा अर्थ सर्वांत आधी लागेल. वाक्यात पाणी खालून वर चढते, म्हणजे दिशा आहे, आणि ते झाडाच्या अंगी लागते, म्हणजे ताबाही आहे. कापड रंगवणाऱ्यांच्या भाषेत धागा रंग ‘टेक अप’ करतो आणि अंघोळीनंतर टॉवेल पाणी ‘टेक अप’ करतो. नवा टेरी टॉवेल पहिल्या एक-दोन धुण्यांपर्यंत पाणी नीट का धरत नाही, याचे कारणही यातच आहे: धाग्यावर राहिलेली खळ आणि मऊपणासाठी लावलेली द्रव्ये पाण्याला आत शिरू देत नाहीत.

दोरीतला सैलपणा ओढून घेण्याला ‘टेक अप द स्लॅक’ म्हणतात. त्याचा लाक्षणिक अर्थ, कोणी कमी पडले तर त्याची उणीव दुसऱ्याने भरून काढणे. एक कामगार रजेवर गेला आणि उरलेल्यांनी त्याचेही माग सांभाळले, तर ‘दि अदर्स टूक अप द स्लॅक’.

उरलेले अर्थ झटपट उरकता येतात. ‘टेक अप आर्म्स’ म्हणजे शस्त्र हाती घेणे. ‘टेक अप रेसिडन्स’ म्हणजे मुक्काम ठोकणे, पण हा प्रयोग कागदोपत्री भाषेतला आहे आणि मित्राला भाड्याच्या खोलीबद्दल सांगताना तो हास्यास्पद वाटेल. ‘टेक अप द कार्पेट’ म्हणजे जमिनीवर पसरलेला गालिचा उचलून काढणे. एकाने अर्धवट सोडलेली कथा दुसऱ्याने पुढे सांगायला घेतली, तर त्याने ती ‘टूक अप’ केली. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत एका टोकाला सुरू झालेला जयघोष मागच्या लोकांनी उचलला, तर तेही ‘टूक अप’ केले. ‘टेक अप विथ समवन’ हा प्रयोग मात्र जपून वापरावा. त्यात कोणाशी तरी मैत्री जुळली असे म्हटलेले असते आणि बहुधा ती बोलणाऱ्याला पसंत नसते. आपल्या ‘नादी लागला’ची छटा त्यात आहे. आदरणीय व्यक्तीच्या नव्या स्नेहाविषयी लिहिताना तो चुकूनही येऊ देऊ नये.

शब्दांच्या क्रमाचा नियम छोटा, पण पक्का आहे. कर्म नाम असेल, तर ते ‘अप’च्या नंतर येऊ शकते किंवा मध्येही येऊ शकते: ‘टेक अप द मॅटर’, ‘टेक द मॅटर अप’. कर्म लांबलचक असेल, तर ते शेवटी ठेवलेले बरे, नाहीतर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा ‘टेक’ विसरतो. कर्म सर्वनाम असेल, तर ते मध्येच आले पाहिजे: ‘टेक इट अप’. ‘टेक अप इट’ असे कोणी म्हणत नाही. उच्चारात जोर ‘अप’वर पडतो आणि वेगाने बोलताना ‘टेक इट अप’चे ‘टेकिटप’ होते. इंग्रजी बातम्या ऐकताना हा शब्द हाती लागत नाही, तो बहुतेक वेळा याच कारणाने.

आता शेजारच्या शब्दांशी होणारी गल्लत. ‘पिक अप’ आणि ‘टेक अप’ दोन्ही शिकण्यासाठी वापरले जातात, पण त्यांत मोठा फरक आहे. साखर पेठेत वाढलेल्या मराठी मुलाला शेजारच्या पद्मशाली घरांमुळे तेलुगू कानावरून येऊ लागते. त्याने तेलुगू ‘पिक अप’ केली. तेच तेलुगू कोणी पुस्तक आणून, शिकवणी लावून शिकायला घेतले, तर ‘टेक अप’ केले. पहिल्यात भाषा चिकटते, दुसऱ्यात माणूस तिला धरतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच चौकात बोलल्या जाणाऱ्या या शहरात दोन्ही प्रकारची माणसे भेटतात. ‘टेक ऑन’ हे दुसरे गोंधळाचे ठिकाण. जास्तीचे काम किंवा नवा कामगार घेणे म्हणजे ‘टेक ऑन’. ‘वुई टूक ऑन थ्री न्यू वर्कर्स’ बरोबर आहे. येथे ‘टूक अप’ लिहिले, तर कामगारांनी खोली अडवल्यासारखे किंवा त्यांना गालिच्यासारखे जमिनीवरून उचलल्यासारखे वाटेल. ‘चॅलेंज’ला दोन्ही चालतात आणि ‘जॉब’लाही बऱ्याचदा दोन्ही चालतात, ‘टेक ऑन’मध्ये ओझे जाणवते, ‘टेक अप’मध्ये आरंभ जाणवतो.

शेवटी नामाची रूपे राहिली. क्रियापद असताना दोन शब्द सुटे लिहितात. नाम झाले की मध्ये संयोगचिन्ह येते आणि जोर पहिल्या अक्षराकडे सरकतो. एखाद्या सरकारी योजनेचा लाभ किती लोकांनी घेतला, हे सांगताना ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक-अप’ हा शब्द वापरतात: ‘द टेक-अप ऑफ द स्कीम वॉज लो’, म्हणजे योजनेला प्रतिसाद कमी मिळाला. व्यापारी ज्याला ‘मालाला उठाव नाही’ म्हणतो, त्याचा आणि या शब्दाचा डौल सारखाच आहे. शब्द उलटून ‘अपटेक’ केला की शोषण्याचा किंवा ग्रहण करण्याचा अर्थ पुढे येतो. शास्त्रीय लिखाणात पाण्याचा, प्राणवायूचा, रंगाचा ‘अपटेक’ मोजतात. आणि ‘स्लो ऑन दि अपटेक’ म्हणजे ज्याच्या डोक्यात गोष्ट उशिरा शिरते तो, ‘क्विक ऑन दि अपटेक’ म्हणजे चटकन समजणारा. शिक्षकाने प्रगतिपुस्तकावर यातले दुसरे लिहिले, तर पालकांनी आनंद मानावा. पहिले बहुधा तोंडीच सांगितले जाते.